विशेष शिक्षणविषयक कायदा (भारत)

दिव्यांग व विशेष गरजा असलेल्या बालकांच्या शालेय शिक्षणाशी संबंधित घटनात्मक तरतुदी, अधिनियम, नियम, शासन निर्णय आणि न्यायनिवाडे यांना मिळून भारतात विशेष शिक्षणविषयक कायदा असे म्हटले जाते. या नावाचा स्वतंत्र अधिनियम अस्तित्वात नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हे या कायद्याचे दोन मुख्य आधारस्तंभ होत. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ आणि राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हे त्यांना पूरक आहेत.

बालक शाळेच्या चौकटीत बसते की नाही, हा जुन्या व्यवस्थेपुढील प्रश्न होता. सध्याचा कायदा शाळेने त्या बालकासाठी कोणता बदल करावा, असा प्रश्न विचारतो. त्यामुळे शिक्षणाधिकारी आणि वैद्यकीय मंडळे यांच्याप्रमाणेच वर्गशिक्षक, विषयशिक्षक व मुख्याध्यापक यांच्यावरही या कायद्याची जबाबदारी येते. अडचण सर्वप्रथम लक्षात येण्याचे ठिकाण बहुधा वर्ग हेच असते. कायद्याने मिळणाऱ्या अनेक सवलतींचा आरंभही शिक्षकाने केलेल्या नोंदीपासून होतो.

## संज्ञा आणि परिभाषा

कायद्याच्या भाषेत काही संज्ञांना निश्चित अर्थ आहे. शालेय व्यवहारात त्यांची सरमिसळ झाल्यास बालकाचे नुकसान होऊ शकते.

- दिव्यांग व्यक्ती : दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियविषयक दोषामुळे, भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर, जिला इतरांच्या बरोबरीने समाजात पूर्णपणे सहभागी होता येत नाही अशी व्यक्ती. या व्याख्येत टक्केवारीची अट नाही.
- लक्षणीय दिव्यांगत्व : प्रमाणन प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले किमान ४० टक्के दिव्यांगत्व. शासकीय पत्रव्यवहारात ही संज्ञा वारंवार येते.
- समावेशक शिक्षण : दिव्यांग व अदिव्यांग विद्यार्थी एकत्र शिकतात आणि अध्यापनाची पद्धत वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार जुळवून घेतली जाते अशी व्यवस्था. मराठीत ‘समावेशित शिक्षण’ असाही शब्द रूढ आहे.
- वाजवी सोय : विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत म्हणून केलेला आवश्यक व योग्य बदल. त्यामुळे संस्थेवर अवाजवी भार पडू नये, अशी मर्यादा व्याख्येतच आहे.
- अडथळा : सहभागात बाधा आणणारा कोणताही घटक. यात जिने व अरुंद दरवाजांप्रमाणेच दृष्टिकोन, संवादाच्या पद्धती आणि संस्थेचे नियम यांचाही समावेश होतो.

‘अपंग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द शासकीय व्यवहारात डिसेंबर २०१५ नंतर प्रचलित झाला. दिव्यांगांच्या काही संघटनांनी या शब्दावर आक्षेप घेतला असला, तरी शासन निर्णयांत व विभागांच्या नावांत आता तोच वापरला जातो.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात दिव्यांग मुलांच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष शाळांपासून झाला. मुंबईत १८८५ साली कर्णबधिरांसाठी आणि अमृतसर येथे १८८७ साली अंधांसाठी शाळा सुरू झाली. या शाळा धर्मादाय वृत्तीतून उभ्या राहिल्या होत्या. त्या काळी शिक्षण मिळणे हा मुलाचा हक्क मानला जात नव्हता. ते परोपकाराचे कार्य समजले जाई.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये शिक्षणाचा हक्क आणि अपंगत्वाच्या स्थितीत लोकसाहाय्याचा उल्लेख आला. तथापि ही तरतूद मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने तिच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नव्हती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दिव्यांग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असावा, अशी भूमिका मांडली. केंद्र शासनाने १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची योजना आखली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या विषयाला स्वतंत्र स्थान मिळाले. १९९४ मध्ये स्पेनमधील सलामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेत समावेशक शाळेच्या कल्पनेला आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली.

अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५ हा या क्षेत्रातील पहिला व्यापक कायदा होय. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याने अपंग बालकांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. परंतु त्यात केवळ ७ प्रकारच्या अपंगत्वाचा अंतर्भाव होता. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश नव्हता. वर्गात नियमित येणारे, बुद्धीने तल्लख असूनही वाचन-लेखनात अडखळणारे मूल अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने अदृश्यच राहिले होते.

८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) अनुच्छेद २१-अ समाविष्ट झाला आणि ६ ते १४ वयोगटातील बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला. त्याचा अनुच्छेद २४ समावेशक शिक्षणाविषयी आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या कराराला अनुसमर्थन दिले. देशातील कायदा त्या कराराशी सुसंगत करण्याच्या गरजेतून २०१६ चा अधिनियम साकारला.

## प्रमुख अधिनियम

### शिक्षण हक्क अधिनियम, २००९

हा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मूळ मसुद्यातील दिव्यांग बालकांविषयीच्या उणिवा २०१२ च्या दुरुस्तीने दूर करण्याचा प्रयत्न झाला. त्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश ‘वंचित गटातील बालक’ या व्याख्येत केला. त्यामुळे विनाअनुदानित खासगी शाळांतील प्रवेशस्तरावरील २५ टक्के राखीव जागांसाठी ही बालके पात्र ठरली. बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडण्याचा हक्कही याच दुरुस्तीने दिला. हा पर्याय बालकाचा आहे. शाळेला प्रवेश नाकारण्यासाठी दिलेली ती मुभा नाही.

प्रवेशाच्या वेळी बालकाची वा पालकांची चाचणी घेण्यास कलम १३ मनाई करते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ कलम १७ नुसार निषिद्ध आहेत. प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जोखून गरजेप्रमाणे पूरक अध्यापन करणे आणि पालकांच्या नियमित सभा घेणे ही कलम २४ नुसार शिक्षकाची कर्तव्ये आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा अधिनियम लागू होत नाही.

### दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६

या अधिनियमाला २७ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्याने १९९५ चा अधिनियम निरसित केला. दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ झाली. विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंची विकृती, वाचा व भाषा दोष, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल आजार हे नव्याने समाविष्ट झालेल्या अथवा स्वतंत्र उल्लेख मिळालेल्या प्रकारांपैकी होत.

शिक्षणाविषयीचे तिसरे प्रकरण शाळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यातील कलम १६ शासनाने अनुदान अथवा मान्यता दिलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांना उद्देशून आहे. त्यानुसार पुढील गोष्टी अपेक्षित आहेत :

- भेदभाव न करता प्रवेश देणे आणि खेळ व मनोरंजनासह सर्व उपक्रमांत समान संधी देणे;
- इमारत, परिसर व सुविधा वापरण्यास सुलभ करणे;
- व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय पुरवणे;
- शैक्षणिक व सामाजिक विकास जास्तीत जास्त होईल असे वैयक्तिक किंवा अन्य साहाय्य देणे;
- अंध, कर्णबधिर अथवा दोन्ही दोष असलेल्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक अनुरूप भाषेतून व संवादमाध्यमातून शिकवणे;
- विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनविषयक उपाय योजणे;
- प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती व शिक्षणपूर्ती यांवर लक्ष ठेवणे;
- विद्यार्थ्यांसाठी आणि अधिक साहाय्याची गरज असलेल्यांच्या मदतनिसासाठी वाहतुकीची सोय करणे.

कलम १७ शासनावरील विशेष जबाबदाऱ्या सांगते. दर पाच वर्षांनी शालेय बालकांचे सर्वेक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण व नियुक्ती, साधनकेंद्रांची स्थापना, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत पुस्तके व साहाय्यक साधने, तसेच अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत योग्य बदल यांचा त्यात समावेश आहे. जादा वेळ, लेखनिकाची सोय आणि द्वितीय व तृतीय भाषेतून सूट ही अशा बदलांची उदाहरणे कलमातच दिली आहेत.

कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील प्रत्येक बालकाला जवळच्या शाळेत किंवा स्वेच्छेने निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क अधिनियमाची मर्यादा चौदाव्या वर्षी संपते. येथे ती चार वर्षांनी वाढते. इयत्ता नववी व दहावीत फी न भरल्याच्या कारणावरून अशा विद्यार्थ्याला अडवता येत नाही, याचा आधार हे कलम आहे. उच्च शिक्षणात कलम ३२ नुसार किमान ५ टक्के जागा राखीव असतात.

### पूरक अधिनियम

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानुसार विशेष शिक्षकांसह पुनर्वास क्षेत्रातील व्यावसायिकांचे शिक्षणक्रम ठरवले जातात आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय नोंदवहीत नोंद होते. राष्ट्रीय न्यास अधिनियम स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी आहे. विद्यार्थी अठरा वर्षांचा झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा जो प्रश्न उद्भवतो, तो या अधिनियमाखाली सोडवला जातो.

## प्रमाणपत्राची आवश्यकता

‘प्रमाणपत्र नाही, म्हणून सोय नाही’ हा शाळांमधील एक सार्वत्रिक समज आहे. कायद्यात तो जसाच्या तसा आढळत नाही. तेथे हक्कांचे दोन स्तर दिसतात.

पहिल्या स्तरावरील हक्क सर्व दिव्यांग विद्यार्थ्यांना आहेत : भेदभावरहित प्रवेश, वाजवी सोय, प्रगतीवर लक्ष आणि सन्मानाची वागणूक. त्यांसाठी ४० टक्क्यांची अट नाही. वाजवी सोय नाकारणे हा अधिनियमाच्या व्याख्येनुसार भेदभावाचाच एक प्रकार आहे. दुसऱ्या स्तरावरील हक्क लक्षणीय दिव्यांगत्वाशी जोडलेले आहेत : अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण, मोफत साधने, उच्च शिक्षणातील आरक्षण व वयोमर्यादेतील सवलत. त्यांसाठी प्रमाणपत्र आवश्यक असते.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, फळ्याकडे तोंड करून न बोलणे, गृहपाठ लिहून देणे, अक्षर मोठे छापणे, तोंडी उत्तर ऐकून घेणे या गोष्टींसाठी कोणत्याही मंडळाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. मंडळाच्या परीक्षेतील लेखनिक किंवा विषयसूट यांसाठी मात्र विहित कागदपत्रे मुदतीत सादर करावी लागतात.

प्रमाणपत्र व ‘वैश्विक ओळखपत्र’ यांसाठीचा अर्ज केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर केला जातो.

## विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि शाळा

वाचन, लेखन, शुद्धलेखन, आकलन अथवा गणन यांत बुद्धिमत्तेशी विसंगत अशी सातत्यपूर्ण अडचण म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. वाचनवैकल्य, लेखनवैकल्य व गणनवैकल्य हे तिचे परिचित प्रकार आहेत. ती डोळ्यांना दिसत नसल्याने आळस, निष्काळजीपणा किंवा हट्टीपणा असे तिचे चुकीचे निदान वर्गात होण्याचा धोका असतो.

केंद्र शासनाने ४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी शाळांना या प्रक्रियेत निश्चित स्थान दिले. इयत्ता तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेत चाळणी समिती असावी. आणि समितीने शिक्षक व पालकांशी बोलून गरज भासल्यास बालकाला पुढील तपासणीसाठी पाठवावे, अशी ती व्यवस्था आहे. प्रमाणपत्र आठ वर्षांवरील बालकांनाच मिळते. चौदाव्या व अठराव्या वर्षी पुनर्तपासणी होते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते. दिव्यांगत्व मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना मार्च २०२४ मध्ये सुधारित स्वरूपात प्रसिद्ध झाल्या.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करणारे, काना-मात्रा गाळणारे किंवा जोडाक्षरांवर अडखळणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. घरची बोली व शाळेची भाषा यांतील अंतर, दीर्घ गैरहजेरी, स्थलांतर, दृष्टिदोष किंवा श्रवणदोष ही कारणेही असू शकतात. म्हणूनच मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेत तपासणी होणे महत्त्वाचे ठरते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनवैकल्य ओळखण्यासाठी भारतीय भाषांतील चाचणीसंच विकसित केला असून त्यात मराठीचाही समावेश आहे.

शिक्षकाच्या नोंदीचे मोल येथे दिसून येते. ‘अभ्यासात कच्चा’ या शेऱ्यातून तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला काहीही कळत नाही. ‘ऐकलेल्या गोष्टीवरील प्रश्नांची उत्तरे बरोबर देतो, तोच उतारा वाचायला दिल्यास शब्द गाळतो, फळ्यावरून उतरवण्यास इतरांच्या दुप्पट वेळ घेतो’ अशा नोंदीमुळे निदानाची दिशा स्पष्ट होते. वहीचे नमुने, तारीखवार निरीक्षणे आणि वर्गात करून पाहिलेले उपाय हे अशा नोंदीचे घटक असतात.

## परीक्षाविषयक तरतुदी

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार लेखनिकाची सोय मिळण्यास पात्र असलेल्या परीक्षार्थीला प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे भरपाई वेळ मिळतो. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास अधिक. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असूनही लिहिण्यास अडचण असलेल्या व्यक्तींसाठी १० ऑगस्ट २०२२ रोजी स्वतंत्र सूचना निघाल्या. शालेय मंडळे आपापल्या नियमांनुसार सवलती देतात. त्यांचा तपशील वेळोवेळी बदलत असल्याने शाळांना चालू वर्षाची परिपत्रके पाहावी लागतात.

या सवलतींमुळे इतर मुलांवर अन्याय होतो, असा आक्षेप कधीकधी घेतला जातो. त्यावर कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. परीक्षा विषयाच्या ज्ञानाची असते. बोटांच्या वेगाची किंवा डोळ्यांच्या क्षमतेची नसते. भरपाई वेळ हा अधिकचा लाभ मानला जात नाही. दिव्यांगत्वामुळे गमावलेल्या वेळेची ती भरपाई असते.

## विशेष शिक्षक

सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांच्या प्रमाणाविषयी निर्णय दिला. प्राथमिक स्तरावर १० विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे १ आणि उच्च प्राथमिक व त्यापुढील स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण न्यायालयाने घालून दिले. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत तदनुसार बदल अधिसूचित केला. याच प्रकरणात ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांना विशेष शिक्षकांची पदे मंजूर करून ती भरण्याचे निर्देश दिले.

विशेष शिक्षकाची नेमणूक झाली म्हणून वर्गशिक्षकाची जबाबदारी संपत नाही. अधिनियमातील समावेशक शिक्षणाची व्याख्या अध्यापनाची पद्धतच जुळवून घेण्याविषयी बोलते. विशेष शिक्षक ब्रेल, सांकेतिक भाषा, श्रवणयंत्राचा वापर किंवा वैयक्तिक अध्ययन आराखडा यांबाबत तज्ज्ञ साहाय्य देतो. बालक मात्र वर्गशिक्षकाच्याच हजेरीपटावर असते.

## महत्त्वाचे न्यायनिवाडे

विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला. लेखनस्तंभ (लिहिताना हाताचे स्नायू आखडणे) असलेल्या उमेदवाराला ४० टक्के दिव्यांगत्व नसल्याच्या कारणावरून लेखनिक नाकारण्यात आला होता. लक्षणीय दिव्यांगत्व ही लेखनिकासाठीची पूर्वअट असू शकत नाही, वाजवी सोयीचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या हक्कावर दुरुपयोगाच्या भीतीने सरसकट बंदी घालता येणार नाही, हाही त्या निर्णयाचा आशय होता.

२३ नोव्हेंबर २०२१ च्या आणखी एका निर्णयात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील लेखनवैकल्य असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता. परीक्षाकेंद्राने तिला हक्काचा एक तासाचा भरपाई वेळ दिला नव्हता. न्यायालयाने हा अन्याय असल्याचे मान्य करून तो दूर करण्याचे उपाय शोधण्याचे निर्देश परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दिले. फेरपरीक्षा मात्र मंजूर केली नाही. केंद्रावरील कर्मचाऱ्यांना नियम ठाऊक नसल्यास गेलेला वेळ नंतर परत मिळवून देणे किती कठीण असते, हे या प्रकरणातून दिसते.

## तक्रार निवारण आणि शिक्षा

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग बालकांचे प्रवेश व सुविधा यांसाठी समन्वय अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्यापुढील दाद राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे मागता येते. आयुक्तांना चौकशीच्या कामी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांच्या आत कार्यवाही कळवणे अपेक्षित असते.

अधिनियमातील तरतुदींचा भंग केल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या भंगासाठी ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अवमान केल्यास कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे.

## महाराष्ट्रातील स्थिती

अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याबाबत महाराष्ट्र हे अग्रेसर राज्य होते. केंद्रीय कायद्यात या अक्षमतेचा समावेश होण्याच्या सुमारे वीस वर्षे आधी, १९९६ पासून, राज्य शासनाने अशा सवलतींना औपचारिक मान्यता दिली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, भाषाविषयातून सूट आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची मुभा यांचा त्यात अंतर्भाव होता. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय हे अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचे व प्रमाणपत्राचे एक जुने केंद्र आहे.

राज्यात सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, तर दिव्यांगांच्या विशेष शाळांचा कारभार दीर्घकाळ सामाजिक न्याय विभागाकडे होता. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुणे येथे आहे. सर्वसाधारण शाळांतील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचे उपक्रम ‘समग्र शिक्षा’ अभियानाच्या समावेशित शिक्षण घटकाखाली चालतात.

## अन्य देशांशी तुलना

अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग बालकांच्या शिक्षणाचा स्वतंत्र संघीय कायदा झाला. पुढे त्याचे नाव व तपशील बदलले. त्या कायद्यानुसार प्रत्येक पात्र बालकासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा लेखी स्वरूपात करावा लागतो. तो ठरवणाऱ्या चमूत पालकांचा समावेश असतो आणि मतभेद झाल्यास सुनावणीचा मार्ग असतो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य व संगोपन यांचा एकत्रित आराखडा आणला. भारतातील अधिनियमात वैयक्तिक साहाय्याचा उल्लेख आहे. परंतु प्रत्येक बालकासाठी लेखी आराखडा करण्याची सक्ती नाही. परिणामी भारतात शाळेने नेमके काय करायचे ठरवले होते, हे सिद्ध करण्याचे साधन पालकांकडे अनेकदा नसते.

## मर्यादा आणि टीका

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. ५ ते १९ वयोगटातील दिव्यांगांपैकी ६१ टक्के शिक्षणसंस्थेत जात होते, तर २७ टक्के कधीच शाळेत गेले नव्हते. ही गणना २०१६ च्या विस्तारित व्याख्येपूर्वीची असल्याने अध्ययन अक्षमतेसारख्या प्रकारांचे चित्र तिच्यात उमटत नाही.

कायद्यावरील प्रमुख आक्षेप पुढीलप्रमाणे आहेत. कलम १६ च्या आरंभी शासनाने ‘प्रयत्न करावा’ अशी शब्दरचना असल्याने त्याची बंधनकारकता सौम्य होते, असे टीकाकार मानतात. ‘अवाजवी भार’ या अपवादाचा निकष शाळांसाठी स्पष्ट केलेला नाही. दिव्यांगांचे हक्क सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आणि शाळा शिक्षण मंत्रालयाकडे, अशी विभागणी असल्याने उत्तरदायित्व दुभंगते. गृहाधारित शिक्षणाच्या पर्यायामुळे तीव्र दिव्यांगत्व असलेली मुले पटावर असूनही शाळेबाहेर राहतात, ही चिंताही व्यक्त होते.

शिक्षकांची बाजूही या चर्चेत महत्त्वाची आहे. मोठे वर्ग, शाळाबाह्य कामे, अपुरे प्रशिक्षण आणि विशेष शिक्षकांची अनुपलब्धता या परिस्थितीत कायद्याची अपेक्षा पूर्ण करणे कठीण जाते. मात्र कलम १७ नुसार प्रशिक्षण, साधनकेंद्रे व मनुष्यबळ पुरवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्यामुळे विद्यार्थ्याची गरज लेखी स्वरूपात मुख्याध्यापक व शिक्षण कार्यालयाकडे कळवणे हे शिक्षकाच्या दृष्टीनेही संरक्षक ठरते. त्या नोंदीमुळे मागणी शासनदरबारी पोहोचते आणि न मिळालेल्या सोयीचा दोष एकट्या शिक्षकावर येत नाही.

## हे सुद्धा पहा

- दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
- बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
- समावेशक शिक्षण
- वाचनवैकल्य
- ब्रेल लिपी
- भारतीय सांकेतिक भाषा